राजवाड्याची लादी

नकाशा काढायचा असेल तर माझ्याकडे या. अंधेरीच्या एका इंटिरिअरवाल्यांच्या ऑफिसात मी सोळा वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढतेय. दोनशे ऐंशी फुटांत मी दोन बेडरूम बसवून दाखवल्यात! त्यामुळे आमच्या रुचिराने राजवाड्याचा नकाशा मागितला, तेव्हा मला हसूच आलं. एवढे दिवस चौरस फूट वाचवण्यात गेले, आता हवी तेवढी जागा होती. "अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं. "तू तुझी गोष्ट लिही."

रुचिरा म्हणजे माझी मुलगी. ती आणि तिचे कॉलेजातले सात मित्रमैत्रिणी दर रविवारी एक खेळ खेळतात. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर होऊन हिंडायचं. नकाशा टीव्हीवर लावलेला असतो आणि त्यावर प्रत्येकाची एक सोंगटी फिरते. त्या रविवारी गोष्ट रचायची पाळी पहिल्यांदाच रुचिराची होती. सम्यक नावाच्या मुलाने तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुला जमेल ना? नाहीतर मी करतो." तेव्हापासून पोरगी धड जेवत नव्हती. चार वाजता सगळे आमच्या मुलुंडच्या घरी येणार होते.

मी दोन वाजता बसले. काल्पनिक नगरांचे नकाशे काढायचं ते सॉफ्टवेअर रुचिराने मला दहा मिनिटांत शिकवलं होतं, आणि त्यातली आठ मिनिटं माझं लक्ष नव्हतं. तरी भिंती झकास उभ्या राहिल्या. दरबार, मुदपाकखाना, राणीचा महाल, न्हाणीघर, मधोमध अंगण आणि अंगणात तळघराकडे उतरणारा जिना. दारांसाठी भिंतींमध्ये जागा सोडल्या. आता फक्त लादी घालायची. प्रकार निवडायचा आणि खोलीत एकदा क्लिक करायचं, संपलं. दरबारासाठी मी गुलाबी संगमरवर निवडला आणि क्लिक केलं.

दरबार गुलाबी झाला. मग मुदपाकखाना गुलाबी झाला. मग अंगण, जिन्यासकट. मग संगमरवर मुख्य दारातून बाहेर पडला, जंगल ओलांडून गेला आणि अख्खा समुद्र गुलाबी करून थांबला. मी तोंडाचा आ वासून बघत राहिले. एवढी लादी मी जन्मात एका जागी पाहिली नव्हती!

मला वाटलं, प्रकार चुकला. म्हणून अंगणात करडा दगड टाकला. तोही समुद्रापर्यंत गेला. मग सागवानी फळ्या. समुद्र सागवानी! आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा रंग टाकला की जुना जातो. इथे जुन्याच्या डोक्यावर नवा बसतो, हे मला फार उशिरा कळलं.

तेवढ्यात माझे सासरे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. सहदेव मिस्त्री. देवगडहून तरुणपणी आले आणि मालाडपासून वाकोल्यापर्यंत चाळीस वर्षं लोकांच्या घरांत लादी बसवली. मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे त्यांना काही येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि बराच वेळ बघितलं.

"उंबरो खंय?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं की बाबा, हा कॉम्प्युटर आहे, याला उंबरा लागत नाही.

"उंबरो नाय तर लादीक कळतला कसा, खंय थांबूचा ता?"

वाद नको म्हणून मी उंबरा शोधला. सॉफ्टवेअरमध्ये उंबरा नव्हता. मग भिंतीचंच साधन घेऊन दरबाराच्या दारात एक बारीक पट्टी मारली आणि संगमरवर पुन्हा टाकला. तो दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. अगदी काठाला काठ लावून. माझ्या अंगावर खरंच काटा आला. ज्या माणसाला माऊस कसा धरायचा ते माहीत नाही, त्याने माझा समुद्र वाचवला होता.

मग बाबा खुर्ची ओढून बसले आणि मी त्यांची हेल्पर झाले. अकरा दारांना अकरा उंबरे घातले. समुद्रावरचे, जंगलातले आणि खोल्यांतले जुने थर एकेक करून उखडले. दरबाराची लादी मध्यातून सुरू झाली, कारण कापलेला तुकडा दारात आलेला त्यांना खपत नाही. राणीच्या न्हाणीघरात मोरी आली. पाणी कुठल्या बाजूला जाणार, हे ठरेपर्यंत ते पुढे सरकेनात. पण राजवाडा असा दिसू लागला की मी स्वतःच्या सोळा वर्षांबद्दल गप्प बसायचं ठरवलं.

अंगणाशी मात्र ते अडले. तिथले जुने तीन थर राहिले होते, ते आधी उखडायला हवेत म्हणाले. चारला दहा कमी होते. "राहू द्या हो बाबा, कोणाला दिसतंय," मी म्हटलं.

"दिसाचा नाय. पण पोकळ वाजतला," ते म्हणाले आणि उठून गेले.

चार वाजता मंडळी आली. टीव्हीवर राजवाडा लागला तशी सातही पोरं टीव्हीजवळ जमली. त्यांच्यातल्या शीतलने लादीकडे बोट दाखवून हळूच विचारलं की हे कोणी केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन जरा ताठ उभी राहिले.

सगळ्यांच्या सोंगट्या अंगणात मांडल्या होत्या. मग सम्यकने आपली सोंगटी दरबाराकडे नेली. ती दारात अडली. मुदपाकखान्यात अडली, महालात अडली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उंबरे मी भिंतीच्या साधनाने काढले होते! सॉफ्टवेअरच्या लेखी त्या भिंतीच होत्या. राजवाड्यातल्या अकराच्या अकरा दारांना मी भिंत घातली होती.

"रुचिरा, एकही दार उघडत नाहीये," सम्यक म्हणाला. "चुकलं वाटतं."

रुचिराने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इतकी लाज वाटली की पोहे कोणाच्या पुढ्यात ठेवायचे तेही सुचेना.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा शांतपणे म्हणाले, "दार नाय तर लादी ठोकून बघा. पोकळ वाजतली थंय रस्तो."

मी रुचिराच्या पुढ्यात बशी ठेवायला वाकले आणि तिच्या कानात कबुली दिली. अंगणात एकावर एक तीन लाद्या आहेत, त्यांच्याखाली जिना आहे, तो उघडा करायचा राहिला.

तिने बशी बाजूला सारली. बोलली तेव्हा तिचा आवाजच बदलला होता. "या राजवाड्याला मुद्दामच दारं नाहीत. तुम्ही अंगणात आहात. लादी ठोकता. मधोमध पोकळ आवाज येतो."

सात पोरं पुढे सरकली. तिने सागवानी थर काढला, खाली करडा दगड. तो काढला, खाली गुलाबी संगमरवर. तो काढला, आणि अंधारात उतरणारा जिना दिसला. मीसुद्धा मान लांब करून बघत होते, आणि तो जिना मीच काढलेला होता!

"बाप रे," सम्यक म्हणाला. "हे तू आधीपासून ठरवलं होतंस?"

"मग?" रुचिरा म्हणाली.

सात वाजेपर्यंत खेळ चालला. तळघरातून पोरं प्रत्येक खोलीत खालून लादी फोडून शिरली. दरबाराच्या फरशीला भोक पडलं तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं. निघताना सगळ्यांचं ठरलं की पुढच्या रविवारीही गोष्ट रुचिरानेच रचायची. सम्यक मला म्हणाला, "काकू, नकाशा पण तुम्हीच करा."

मला भरून आलं. म्हटलं, नक्की करीन, आणि या वेळी सॉफ्टवेअर नीट शिकून, एकही चूक न करता करीन.

रुचिराने घाईघाईने माझा हात धरला. "नको गं आई. तू अजिबात शिकू नकोस."