अनुबाईंच्या ओळीआधीचा हॅश

मला वाटलं होतं, तळणगाव नगरपरिषदेचा वेब सर्व्हर गावाची माहिती दाखवत असेल. प्रत्यक्षात तो गाव चालवत होता, आणि त्याच्या फाइलीत ज्याची ओळ नसे त्याला गावात फक्त स्वागत मिळत असे.

सहा वर्षं एस्टोनियात सर्व्हरचंच शिक्षण घेऊन मी नगरपरिषदेत नोकरीला आले होते. बॅगेत मी स्वतः मराठीत लिहिलेली चाळीस पानी मार्गदर्शिका होती. स्टँडवर रिक्षावाल्याला नगरपरिषदेचा रस्ता विचारला. तो म्हणाला, "तळणगावात आपलं स्वागत आहे." खानावळीत विचारलं, भाजी कसली आहे? "तळणगावात आपलं स्वागत आहे."

संगणक विभागाचे प्रमुख गोडघाटे साहेब मात्र नीट बोलले, कारण फाइल त्यांच्या ताब्यात होती.

"घाबरू नका, मॅडम. जो माणूस सर्व्हरला माहीत नाही, त्याला तो पहिलं पान देतो. उद्या दुपारी तुमची ओळ टाकू. मग लोक तुमच्याशी भांडायलासुद्धा येतील."

त्यांनी फाइल उघडून दाखवली. प्रत्येक माणसाला एक ओळ आणि एक क्रमांक. त्या क्रमांकावर त्याचं ऐकलं जाई. ओळी कुठेही सुरू होत होत्या, समासाची शिस्त अजिबात नव्हती. मला मनापासून वाईट वाटलं. हे गाव सुधारायचं, असं मी तिथेच ठरवलं.

भिंतीवर सुतळीने टांगलेलं एक लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. जलद संदर्भ, एकूण आठ ओळी. आधी बदल करावा, मग तपासावं, मग रीलोड करावं. तिसरी ओळ होती: 'कोणतीही ओळ पुसू नये, पुढे लागते. ओळीआधी हॅश लावावा.' हॅश म्हणजे दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची खूण. ती लावली की ओळ फाइलीत राहते, पण सर्व्हर ती वाचत नाही. चाळीस पानांपेक्षा हे कार्ड बरं लिहिलेलं होतं, हे मी मान्य केलं.

दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई भेटल्या. अनुबाई वाघचौरे. पूर्वी शिवणवर्ग चालवायच्या.

"तुला मी दिसते ना गं?" त्यांनी विचारलं.

"दिसता की."

"मग बस. अकरा वर्षांनी कुणाशी तरी बोलतेय."

अकरा वर्षांपूर्वी त्या बहिणीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस परगावी गेल्या होत्या. गैरहजेरीत त्यांच्या ओळीआधी हॅश लागला, तो तसाच राहिला.

"घरात कुणी हाकलत नाही. माझं ताट मी वाढून घेते. पण सारिकाला, माझ्या लेकीला, हाक मारली तर पंख्याचा आवाज ऐकावा तशी ऐकते. नातू तेवढा माझ्याकडे बघून हसतो. तो अजून फाइलीत नाही ना."

त्यांनी पिशवीतून एक कुंची काढली. पिवळी, कडेला लाल पट्टी.

"उद्या त्याचं बारसं. नाव ठेवलं की लगेच त्याची ओळ टाकणार. मग तोही पंखा ऐकेल."

मी तडक आत गेले.

"साहेब, अनुबाईंचा हॅश काढा. एका खुणेचं काम आहे."

"मी केव्हाच काढला असता. पण बाईंचा क्रमांक साडेआठच्या भोंग्याला दिलाय. एका क्रमांकावर दोघांना ऐकता येत नाही."

"मग भोंगा हलवा."

"भोंगा सेवेत कायम झालाय, मॅडम. पाच वर्षांत होतो. त्याला हलवायचं तर त्याची संमती लागते."

"मग बाईंना नवा क्रमांक द्या!"

"मंजूर क्रमांक संपले. बाईंच्या नातवासाठी राखलेला सोडला तर एकच शिल्लक आहे." त्यांनी चहा ढवळला. "तुमचा."

"तो त्यांना दिला तर माझी नोकरी जाईल?"

"नोकरी राहील. फक्त माझ्याशिवाय कुणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि मी फारसा बोलत नाही. शिवाय ओळ सुरू झाली की या बाईसुद्धा तुमचं स्वागतच करतील."

"मला पुढचा क्रमांक कधी मिळेल?"

"प्रस्ताव पाठवू. मागचा पाठवला तेव्हा भोंगा नवीन होता."

दारात अनुबाई उभ्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"नको गं पोरी. तुझं वय बोलायचं. मला सवय झालीय." त्यांनी कुंचीची घडी घातली आणि ती दोनदा मोडून पुन्हा घातली.

संध्याकाळी मी गावातून चालत गेले. सतरा जणांनी माझं स्वागत केलं. एका अंगणात दोन बायका नळाच्या पाण्यावरून कडाकडा भांडत होत्या. मी थोडा वेळ थांबून ऐकलं. फार छान भांडत होत्या. मी म्हटलं, "काय झालं हो?" दोघींनी भांडण थांबवलं, एकदमच माझं स्वागत केलं आणि पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच मी साहेबांसमोर जाऊन बसले.

"माझा क्रमांक अनुबाईंना द्या."

"लेखी द्या," ते म्हणाले आणि छापील अर्ज पुढे सरकवला. "विचार केलाय ना? वर्ष लागेल, दहा लागतील."

"केलाय. साहेब, ओळ टाकताना समास तेवढा नीट सोडा."

"बघतो. कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा असला की तपासणीत अडकतो."

मी कारण लिहिलं: बारसं अकरा वाजता आहे.

साहेबांनी ते वाचलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "पुरेसं आहे," म्हणाले आणि कीबोर्ड जवळ ओढला.