उंबर तोट्यात आहे

निसर्गदीप रेसिडेन्सीच्या फाटकाशी असलेले उंबराचे झाड रोज पाने गाळते, ही गंभीर बाब सोसायटीच्या कार्यकारिणीच्या निदर्शनास एका रविवारी प्रथमच आली. झाड सोसायटीच्याही आधीपासून तिथे होते आणि पाने तेव्हाही गाळतच होते. पण तेव्हा स्पर्धा नव्हती.

स्पर्धेचे नाव ‘हरित आणि स्वच्छ सोसायटी’. पाण्याच्या प्लास्टिक टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीने ती वर्षभरासाठी जाहीर केली होती. हिरवाईला पन्नास गुण, स्वच्छतेला पन्नास. सुरतेत राहून स्वच्छतेत मागे पडायचे म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणे. अध्यक्ष चंद्रकांत सरांनी तर अर्ज भरतानाच मनातल्या मनात शाल पांघरून घेतली होती. सर मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अन्नसाखळीचा धडा असा रंगवायचे, की मुलांना डब्याची आठवण व्हावी. जैवविविधतेवर त्यांचे अपार प्रेम होते. फक्त ती आपल्या गाडीच्या टपावर पडलेली त्यांना खपत नसे.

आणि ती पडायची. उंबर पिकला की तांबट, बुलबुल, कोकिळा, पोपट, खारी, मुंगळे, रात्री वटवाघळे, सगळी पंगत बसायची आणि जाताना पत्रावळ्या तिथेच टाकून जायची. याच झाडाखाली मालतीबाईंची इस्त्रीची गाडी होती. नवरा कापडाच्या लूमवर, बाई इथे, असा लिंबायतच्या वस्तीतला त्या खानदेशी जोडप्याचा संसार. हातात निखाऱ्यांची इस्त्री, समोर मे महिना. डोक्यावर तो उंबर होता म्हणून बाई उभी राहू शकत होती, एवढे साधे होते ते. इतके साधे कार्यकारिणीला दिसत नाही.

पूर्वतपासणीला कंपनीच्या रश्मी मॅडम आल्या. झाडाकडे बघून म्हणाल्या, “वा! किती सुंदर!” आणि टॅबवर बोट फिरवू लागल्या.

“झाडाचे दहा गुण. पण खाली पानं, सडकी फळं, शीट. स्वच्छतेतून बारा वजा.”

“म्हणजे?” सर धास्तावले.

“म्हणजे झाड तोट्यात आहे, सर.”

त्याच संध्याकाळी सरांच्या घरी बैठक बसली. सेक्रेटरी भूपेंद्रभाईंचा साड्यांच्या छपाईचा धंदा. तोट्यातला माल गोदामात ठेवायचा नाही, हे त्यांचे जगण्याचे तत्त्व. ते म्हणाले, “सर, काढून टाका. टेन्शन नथी.”

पण सरांच्या सौभाग्यवती शकुंतलाबाई दर गुरुवारी उंबराला दिवा लावत. त्या आतून कडाडल्या, “दत्ताच्या झाडाला कुऱ्हाड लावणार? निर्वंश व्हायचाय का?” कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला मुलेबाळे होती. बैठक गार पडली. साप मरावा पण काठी मोडू नये, असा उपाय शोधणे भाग होते. पापभीरू माणसाला असले उपाय चटकन सुचतात. ठरले: झाड तोडायचे नाही. त्याला जाळी घालायची.

दोन दिवसांत अख्खा उंबर हिरव्या नायलॉनच्या जाळीत गेला. पाने जाळीत, फळे जाळीत, पाखरे बाहेर. मालतीबाई इस्त्री हातात धरून बघत राहिल्या. “झाडले जाळी कसाले, सर? पाखरेसना काय गुन्हा शे?”

“गुन्हा नाही हो, मालतीबाई. हे व्यवस्थापन आहे,” सर म्हणाले.

दुसऱ्या तपासणीत स्वच्छतेचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. हिरवाईत मात्र मॅडम अडल्या. “पक्षी कुठे आहेत? जैवविविधतेला पंधरा गुण आहेत.”

“उडून गेले,” सर म्हणाले. ते अगदी खरे होते.

मॅडम मोठ्या सहृदय. “प्रत्यक्ष पक्षीच हवेत असं नियमात नाही. पक्ष्यांविषयी जागृती दिसली तरी चालतं.”

जागृतीचे काम भूपेंद्रभाईंनी अंगावर घेतले. साडीच्या डिझाइनमधले पक्षी कापडावर छापून त्यांनी कुंपणभर लावले. डिझाइन परदेशी असल्यामुळे त्यात हातभर चोचीचे कुठलेसे पक्षी आणि निळे-पिवळे पोपट होते. चिमणी, साळुंकी हा माल साडीवर चालत नाही. फाटकावर स्पीकर बसवून सकाळ-संध्याकाळ किलबिल लावण्यात आली. पोरे त्या निळ्या पोपटांपुढे फोटो काढू लागली. खऱ्या बुलबुलांची एक जोडी काही दिवस जाळीभोवती घिरट्या घालत होती. पण ती जागृतीत धरली गेली नाही, कारण तिची शीट पडत होती.

राहता राहिली माती. उंबराच्या बुंध्याभोवतीची माती वाऱ्याने उडते, म्हणजे धूळ, म्हणजे गुण वजा. म्हणून बुंध्याला चिकटून सिमेंटच्या विटा बसवल्या, फटीही बुजवल्या आणि खोडाला तिरंगी ऑइलपेंट दिला. शकुंतलाबाईंनी विचारले, “अहो, आता पाणी कुठून पिणार ते?” प्रश्न जीवशास्त्राचा होता आणि उत्तर सरांना येत होते. पण ते म्हणाले, “उंबर फोडून केंबरं कशाला उडवतेस?” आणि पेपर उघडून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळले. कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, त्यामुळे निर्वंशाचा प्रश्नच आला नाही. झाड तोडायला परवानगी लागते. वाळवायला लागत नाही. आता ते रीतसर धोकादायक झाले होते, अर्ज केला आणि परवानगी आली. सगळ्यांनी पायातल्या चपला काढून नारळ फोडला, झाडाची क्षमा मागितली आणि करवत चालवली. सर त्या वेळी गॅलरीत होते. याच झाडाखाली एकदा त्यांनी वर्ग आणला होता, उंबर फोडून त्यातले इवले किडे, म्हणजे केंबरं, मुलांना दाखवले होते. खरोखर वाईट वाटले हो त्यांना! मग भूपेंद्रभाईंनी खालून हाक मारली, “सर, नवीन झाड आलं!”

नवे झाड फायबरचे होते. पान गळत नव्हते, फळ सडत नव्हते आणि रात्री दिवे लागत. हिरव्या रंगात बोलायचे तर जुन्यापेक्षा काकणभर सरसच. शेवटच्या तपासणीत मॅडमनी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन कापले ते मालतीबाईंमुळे.

“प्लास्टिकच्या झाडाखाली निखारे? आग लागली तर?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोराला शाल मिळायची होती. सरांनी मालतीबाईंना सुरक्षेच्या दृष्टीने गाडी हलवायला सांगितले.

“कोठे जाऊ? सावली कोठे शे आते?” बाईंनी विचारले.

सरांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. त्यांना आठवेना. “बघा कुठंतरी,” ते म्हणाले. “आणि तेवढा माझा कुर्ता करून जा. उद्या बक्षीस समारंभ आहे.”

बाईंनी कुर्ता उन्हात उभे राहून केला. कडक केला. पदराने तोंड पुसले, निखारे विझवले आणि गाडी ढकलत गेल्या. परत कुणाला दिसल्या नाहीत. पाहिलेही नाही कुणी.

समारंभ गारगार सभागृहात झाला. सर अन्नसाखळीवर बोलले. साखळीतली एक कडी निखळली तर काय होते, हे सांगताना त्यांचा आवाज दाटला आणि पहिल्या रांगेने रुमाल काढले.

दुसऱ्या सकाळी गच्चीत त्यांना एक रोपटे दिसले. पावसाच्या पाण्याच्या पाइपाशी भिंतीला तडा गेला होता, त्यातून वर आलेले, चार पानांचे, तुकतुकीत. उंबराचेच! कधीतरी त्या बुलबुलांनी टाकलेले बी. सरांना गहिवरून आले. त्यांनी वाकून, उजेड साधून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: ‘सिमेंट फोडून उगवते ती जिद्द! निसर्गापुढे नतमस्तक.’ तासाभरात फोटो साऱ्या नातेवाइकांत, गावोगावी पोचला. हृदये आली, हात जोडले गेले, कुणाचे डोळे पाणावले.

मग सरांनी प्लंबरला फोन लावला. “भिंत फुगेल हो. मुळासकट काढा, आणि वर ॲसिड ओता.”

तो फोटो तुम्हालाही आला असेल. तुम्हीही हृदय पाठवलेच असेल. न पाठवायला आपण काय दगड आहोत? आता एकदा आपल्या गच्चीत जाऊन या. पाइपाशी मागच्या वर्षी जे उगवले होते, ते कुठे गेले?