मालकीणबाईंचा लाभांश

लाभांशाचा कागद स्टोअरकीपरनं तिसऱ्यांदा वाचला, तरी आकडा काही वाढला नाही. साबणाच्या ज्या कारखान्याचं गोदाम तो एकोणीस वर्षं सांभाळत होता, त्या कारखान्यानं एका अडचणीच्या वर्षी बोनसऐवजी नोकरांच्या हातावर शेअर्स ठेवले होते. त्यांच्यावर दरसाल नफ्यातला वाटा मिळे. मात्र तो हाती पडण्याआधीच कंपनी त्यातून दहा टक्के कर कापून घेई. तेवढ्यावरही भागत नसे. वर्षअखेर तीच रक्कम पगारात मिळवायची आणि वरच्या दरानं उरलेला कर भरायचा.

"एकाच पैशाला किती वेळा कात्री लावायची माणसानं?" त्यानं कारखान्याच्या हिशेबनिसाला विचारलं.

गुरुवारी संध्याकाळचे साडेसात वाजले होते. गोदामात दोघांच्या मध्ये साबणाचं खोकं आणि खोक्यावर बुद्धिबळाचा पट. घरी या कार्यक्रमाचं नाव 'मालमोजणी' होतं. सात ते नऊ, गेली अकरा वर्षं. सबंध आठवड्यात हे दोनच तास असे होते, की त्याच्याकडे कोणी काही मागत नसे. ते गेले असते तर बिचाऱ्यानं बाकीचे दिवस कशाच्या जोरावर ढकलले असते, देव जाणे.

"वहिनींच्या नावावर करून टाक की," हिशेबनीस घोडा उचलत म्हणाला. "त्यांना दुसरी कमाई नाही. लाभांश त्यांचा, कर शून्य. इतकं सोपं आहे."

इतकं सोपं असेल तर सगळेच का करत नाहीत, हा प्रश्न स्टोअरकीपरच्या मनात आला होता. पण तेवढ्यात त्याचा वजीर धोक्यात आला आणि प्रश्न राहून गेला.

त्याची बायको औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय चमचा भरत नसे. सहीसाठी कागद पुढे येताच तिनं चष्मा पुसला.

"शेअर्स तुझ्या नावावर करतोय. भेट समज," तो म्हणाला.

"भेट म्हणून मला आजवर फक्त इस्त्री मिळालीय. यातून काय मिळतं?"

"कंपनीला नफा झाला की मालकांना वाटून देतात. तो लाभांश."

"म्हणजे मी मालकीण?"

"थोडीशी."

"आणि तुमचे मॅनेजर?"

"ते पगारी नोकर."

"आणि तुम्ही?"

स्टोअरकीपरनं पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

दोन महिन्यांनी टपालानं दीडशे पानांचा वार्षिक अहवाल आला. असले अहवाल लोक रद्दीत टाकतात. हिनं पेन्सिल घेऊन वाचला. मग जेवताना चौकशी सुरू झाली. आपली टाल्कम पावडर का खपत नाही? संचालकांना प्रवासाला एवढे पैसे कसे लागतात, ते जातात तरी कुठे? स्टोअरकीपरला सुरुवातीला कौतुकच वाटलं. मग एका सकाळी तिचं बोट त्र्याऐंशीव्या पानावर थांबलं.

"इथं लिहिलंय, यंदा एकाही विभागाला जादा तासांचे पैसे दिलेले नाहीत. मग तुमची गुरुवारची मोजणी?"

त्यानं हातातला घास परत ताटलीत ठेवला. "ती होय... ती मी तशीच करतो. आवड म्हणून."

"अकरा वर्षं? फुकट?" तिचे डोळे भरून आले. ते पाहून त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली; पण खरं बोलण्याइतकी नाही. "माझ्या कंपनीत असला अन्याय चालायचा नाही," ती म्हणाली. "भागधारकांच्या सभेत विचारते मी."

"अगं, तिथे कोणी काही विचारत नाही. लोक चहा पिऊन घरी येतात."

"म्हणून तर पावडर खपत नाही."

सभेच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याला बोलावून खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

"तुमच्या मिसेसनी भर सभेत प्रश्न विचारला. अध्यक्ष अगदी गहिवरले हो. आता दर गुरुवारी सात ते नऊ मोजणी अधिकृत. जादा पगार मिळेल. एकेक खोकं मोजायचं, आणि नोंदवहीवर हिशेबनिसाची सही."

"साहेब, त्याची खरंच काही गरज..."

"नम्रपणा पुरे आता."

त्या गुरुवारी पट कपाटातच राहिला. सातशे खोकी मोजून झाल्यावर हिशेबनिसानं घसा खाकरला.

"एक सांगायचं होतं. नवऱ्यानं बायकोला फुकट दिलेल्या शेअर्सचा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तसा नियमच आहे. काल वाचला."

"म्हणजे पैसे तिचे आणि कर माझा?"

"हो. जादा तासांच्या पगारावरचा वेगळा."

"तुला हिशेबनीस कोणी केला रे?"

"घरीही हेच विचारलं मला," हिशेबनीस खिन्नपणे म्हणाला आणि पुढच्या रांगेकडे वळला.

पाठ धरलेल्या अवस्थेत स्टोअरकीपर घरी आला. कर गेला तो गेला, निदान गुरुवार तरी परत मिळावा, म्हणून त्यानं शरणागती पत्करली.

"अगं, खरं सांगतो. मोजणीबिजणी काही नव्हती. आम्ही दोघं बुद्धिबळ खेळत बसायचो."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"सभेपासून. शेजारच्या खुर्चीवर हिशेबनिसांची बायको होती. त्यांनीही शेअर्स तिच्याच नावावर केलेत. मी म्हटलं, आमच्याकडे गुरुवारी मालमोजणी असते. ती म्हणाली, आमच्याकडे गुरुवारी दातांचा डॉक्टर. अकरा वर्षं. एवढे दात असतात कोणाला?"

"हे तुमचं बोलणं प्रश्न विचारल्यानंतर झालं ना?"

"आधी. चांगलं अर्धा तास आधी."

"आणि तरी तू उभी राहिलीस?"

"तीही राहिली, अनुमोदन द्यायला." तिनं चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. "अहो, अकरा वर्षं गोदामातला माल कोणी मोजलेलाच नाही, हे कळल्यावर मालकिणीनं काय गप्प बसायचं?"