चिकचिकणारी गादी

मीरासाब पिंजाऱ्याच्या परड्यात वाळत घातलेला कापूस खारी पळवत होत्या. चिंचेवरून सर्रकन उतरायचं, तोंडभर कापूस घ्यायचा आणि पुन्हा वर. त्याने सुतळीला मिरच्या बांधून टांगल्या, कौलाखालची भोकं चिंध्यांनी बुजवली, पत्र्याचा डबा बडवला. डब्याने फक्त त्याच्या बायकोची, रोशनबीची, झोप मोडली.

शाहू महाराजांच्या राज्यात शाहूपुरी तेव्हा नुकती वसत होती. शेजारच्या जोतीरामने नव्या गादीची घाई लावली होती. त्याच्या मुलीला, बनाला, बघून गेलेल्या मुलाचे वडील, कागलचे केरबा, होकार-नकार सांगायला येणार होते. एका घरी आमटी खारट लागली आणि दुसऱ्या घरी बसायला दिलेलं घोंगडं टोचलं, म्हणून सोयरिकी मोडलेला हा माणूस.

शेवटी मीरासाबने सगळा कापूस छपरात नेला. जोतीरामची गादीही तिथेच होती, एका बाजूचं तोंड शिवायचं राहिलेली. मग दोन दिवस परड्यात खार फिरकली नाही.

"आता कळलं त्यास्नी," तो रोशनबीला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची बैलगाडी दिसली. मीरासाबने घाईघाईने गादीचं तोंड शिवलं आणि डोक्यावर घेऊन ती शेजारी पोचवली.

केरबांनी पटका काढून खुंटीवर ठेवला आणि गादीवर टेकले. चिक् चिक् आवाज आला. ते जरा सरकून बसले. पुन्हा चिक् चिक्.

"जोतीराम, गादीत काय घातलंयसा?"

"कापूस, पावणं."

"कापूस चिकचिकतोय व्हय?"

"नवी हाय न्हवं. पायताणबी पयल्या दिशी करकरतंय की."

एवढ्यात खिडकीतून एक खार आत आली आणि गादीवर सैरावैरा धावू लागली. जोतीरामने मीरासाबला हाक मारली. त्याने येऊन शिवण उसवली. कापसात अंगठ्याएवढी चार पिल्लं वळवळत होती.

"चूक माझी," मीरासाब खाली बघत म्हणाला. "खारीवर ध्यान ठिवता ठिवता गादीवर ऱ्हायलं न्हाई."

दाराआड जोतीरामच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. सोयरीक गेलीच, असं तिला वाटलं. खारीने मात्र कुणाकडे पाहिलं नाही. एक पिल्लू तोंडात धरून ती भिंतीवर चढली आणि थेट पाहुण्यांच्या पटक्यात शिरली. जोतीरामने काठी उचलली. केरबांनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

"पटका खराब हुईल की."

"हुऊ द्या. बाळंतीण हाय ती."

चौथं पिल्लू जाईपर्यंत घरात कुणी हललं नाही. मग कुणी न सांगताच बनाने पाण्याची वाटी आणून खुंटीखाली ठेवली आणि आत गेली. केरबा त्या वाटीकडे बघत राहिले.

"आमच्यात गुरंढोरं लई हाईत," ते म्हणाले. "पोरीला जमंल का, हीच काळजी हुती. आता न्हाई. तारीख काढा."

उघड्या डोक्याने त्यांनी कागलला परतायचं कसं? जोतीरामने आपला पटका दिला. घरात दुसरा नव्हता.

"पिल्लांचं डोळं उघडलं की सांगावा धाडा," गाडीत बसता बसता केरबा म्हणाले.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर जोतीरामने डोक्यावरून हात फिरवला. "मीरासाब, आता पंधरा दिस मला असं बोडक्यानं उंबऱ्याभाईर पडता यायचं न्हाई. भावकीत तूच सांगून ये बाबा."

मीरासाबने टोपी नीट बसवली आणि निघाला. पहिल्याच घरी बयाबाईने विचारलं, "असल्या अवघड माणसाकडं कुणी जमीवलं रं?"



"आमच्या परड्यात ऱ्हाती एक बाई," तो म्हणाला, "तिनं."