जावयाच्या आडनावाची फुंकर

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हरिश्चंद्र सामंतांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "होणारा जावई स्वीडनचा असला म्हणून काय झालं? त्याचं आडनाव मी असं घेईन, की तो स्वतः चकित होईल."

कागदावर ते 'स्योबर्ग' दिसायचं आणि सगळे तसंच वाचायचे. पण त्यांच्या लेकीनं, दिशानं, फोनवर समजावलं होतं, "बाबा, शेवटी ग नाही, य. आणि सुरुवातीला गरम चहावर फुंकर घालतो ना, तसा आवाज. ह्वेबॅर्य. म्हणजे समुद्र आणि डोंगर."

तेव्हापासून पेणकरपाड्यातल्या बाल्कनीत हरिश्चंद्र रोज संध्याकाळी फुंकरा घालत बसायचे. डोळे मिटले की उंच कडा दिसायचा, खाली निळा समुद्र, आणि कड्यावर दाढीवाला पूर्वज, कोट वाऱ्यावर फडफडतोय. आपली दिशा त्या घरात जाणार, या विचारानं ते तरंगायचे. शेजारचे लीलाधरभाई दम्याचं औषध घेऊन आले. "शरमाना नहीं, हरीशभाई. मेरे फादर को भी था."

होणारा जावई एरिक आला त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. दारात दिशाची आई सुचेताताई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या, शेजारी हरिश्चंद्रांची थोरली बहीण शालूताई. हे लग्न त्यांना पसंत नव्हतं. त्या आल्याच होत्या खोट काढायला.

हरिश्चंद्रांनी खोल श्वास घेतला. "या, मिस्टर ह्वे..."

निरांजन विझलं. सुचेताताईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकून ते पुन्हा लावलं.

"मिस्टर ह्वेबॅर्य."

पुन्हा विझलं.

"दोनदा," शालूताई म्हणाल्या. "तेही उंबऱ्यात. दिशा, अजून विचार कर बाई."

"अपशकुन नाही गं ताई, उच्चार आहे तो," हरिश्चंद्र काकुळतीला आले.

"मग ज्याचा आहे त्यालाच करू दे."

वात तिसऱ्यांदा लावली. एरिकनं हळूच आपलं आडनाव घेतलं. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. सगळ्यांनी हरिश्चंद्रांकडे पाहिलं.

जेवताना शालूताईंनी चौकशी सुरू केली. "समुद्र आणि डोंगर म्हणे. गाव समुद्राकाठी का?"

दिशानं एरिकला विचारून सांगितलं, "नाही आत्या, सगळी सपाट शेतं. गावात तीन अँडरसन होते, एकाची पत्रं दुसऱ्याकडे जायची. म्हणून खापरपणजोबांनी आवडलं ते नाव घेतलं. समुद्र त्यांनी पाहिलाही नसेल."

हरिश्चंद्रांचा घास हातातच राहिला. कडा, दाढी, कोट, सगळं वरणात विरघळलं.

शालूताई मात्र पहिल्यांदाच हसल्या. "न बघता एवढं मोठं नाव घेतलं? हौशी माणूस. घर चांगलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र एरिकला उत्तनच्या टेकडीवर घेऊन गेले. खाली समुद्र, उन्हात डुलणाऱ्या होड्या. एरिकनं कपाळावर हात धरून पार क्षितिजापर्यंत पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला, "नाव घेताना खापरपणजोबांना मनात हेच दिसलं असणार."

हरिश्चंद्रांना भरून आलं. आता तरी नाव मायेनं घ्यावं म्हणून त्यांनी श्वास ओढला. खारा वारा थेट घशात गेला आणि बाहेर आला तो नुसता ठसका.

एरिकनं त्यांची पाठ चोळली. "वा, बाबा," तो म्हणाला, "अगदी बरोबर. माझे आजोबा असंच म्हणायचे."