निळं दूध

“या घरात एक तर मी राहीन, नाहीतर ते शेवाळ!” दात घासता घासता यजमानांनी जाहीर केलं.

“ब्रश काढून बोला, काही कळत नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. घराच्या पुढच्या खोलीत त्या केक आणि थंड पेयं विकत. भांडणाचं मूळ होतं ओट्यावरच्या एका बरणीत. तीत गडद निळी पूड होती. शेवाळापासून काढलेला, खायचा, अगदी नैसर्गिक रंग! व्हॅनिलाच्या गार दुधात ती घातली की दूध आभाळासारखं निळं होई आणि मुलं त्यावर तुटून पडत. यजमानांच्या लेखी मात्र शेवाळ म्हणजे ज्यावरून माणूस घसरून आपटतो ते. बरणी दिसली की त्यांचं एकच पालुपद, “टाकून दे ते!”

आज मात्र भांडायला वेळ नव्हता. पोहण्याचा तलाव दुरुस्तीनंतर पुन्हा उघडणार होता आणि पाहुण्यांच्या खाण्यापिण्याचं काम वहिनींना मिळालं होतं. दूध पसंत पडलं तर तिथलं कॅन्टीनही त्यांनाच मिळणार होतं. पुढच्या खोलीत ओव्हन, फ्रीज आणि सासूबाईंचा पलंग एकमेकांना खेटून उभे असल्यामुळे कॅन्टीनचं स्वप्न वहिनी दिवसाढवळ्या बघत.

केक घेऊन त्या पुढे गेल्या. दुधाचे कॅन आणि बरणी यजमान मागून टेम्पोने आणणार होते. हा रंग उष्णतेने उडतो, म्हणून पूड ऐन वेळी घालायची होती. यजमानांचा विसरभोळेपणा ठाऊक असल्याने वहिनींनी फोन लावला.

“पोचलात का?”

“फाटकातून आत शिरलोय.”

“मग आता ती शेवाळाची पूड टाकून द्या आणि या इकडे.”

“टाकून देऊ? खरंच म्हणतेस?”

“नाहीतर काय, पूजा करायचीय तिची? सगळी टाका. हात आखडू नका.”

“लाख बोललीस!” यजमान गहिवरून म्हणाले. नवरा कामाच्या बाबतीत इतका उत्साही कधीपासून झाला, याचं वहिनींना नवल वाटलं, पण तेवढ्यात तलावाचे साहेब टेबलाशी आले.

“वहिनी, तुमच्या निळ्या दुधाबद्दल फार ऐकलंय. रंग कसला घालता हो?”

“नैसर्गिक! शेवाळापासूनचा,” वहिनी अभिमानाने म्हणाल्या.

साहेबांच्या तोंडाकडे निघालेला केक वाटेतच थांबला. “शेवाळ? अहो, माझा जन्म शेवाळ घासण्यात गेला! झोपेत मी उशी घासतो, विचारा आमच्या हिला. तो लहान मुलांचा तलाव बघा. वाट्टेल तेवढी औषधं ओतली, तरी हिरवट तो हिरवटच. आणि तुम्ही पाहुण्यांना शेवाळ पाजताय?”

“हे ते नव्हे हो. हे स्वच्छ पाण्यात मुद्दाम वाढवतात.”

“मुद्दाम?” साहेबांचा आवाज चढला. “या आवारात त्याचा कण जरी दिसला ना, तर कॅन्टीन विसरा.”

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. पदर खोचून त्या फाटकाकडे धावल्या. यजमान कॅन उतरवून शीळ घालत उभे होते.

“टाकली का हो पूड?”

“टाकली की! बरणीसुद्धा खळबळून घेतली.”

कॅन्टीन गेलं. मग मन घट्ट करून वहिनींनी एका कॅनचं झाकण उघडलं. आत दूध पांढरंशुभ्र.

“अहो, टाकलीत कुठे?”

“तूच म्हणालीस ना टाकून द्या? दिली टाकून. त्या जाळीखाली गटार वाहतंय ना, त्यात.”

वहिनींचा जीव भांड्यात पडला. जन्मात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याच्या अकलेचं कौतुक वाटलं. मग त्यांनी जाळीकडे नीट पाहिलं. ती लहान मुलांच्या तलावाच्या काठाने गोल गेली होती.

“ते गटार नाही हो! तलावाचंच पाणी आहे ते! पंप ते परत आत सोडतो!”

दोघं बघतच राहिले. हिरवट पाण्यात एका कोपऱ्यातून निळाई पसरत चालली होती. नेमक्या त्याच वेळी प्रमुख पाहुण्या आल्या. अर्ध्या गावाला पोहायला शिकवलेल्या बाई, तोंडाने फटकळ. त्या थेट तलावाच्या काठाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“वा! पाणी असावं तर असं निळंशार! याला म्हणतात निगा.”

टाळ्या पडल्या. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, डोळे चोळले, पण कौतुक परत करायचा मोह त्यांना झाला नाही. “सगळी मेहनत आहे, बाई,” ते म्हणाले. टाळ्या ओसरल्यावर मात्र त्यांची नजर यजमानांच्या निळ्या बोटांवर गेली.

“हे काय लागलंय हाताला?”

“शेवाळ,” यजमान म्हणाले. खोटं बोलायला लागणारी तल्लख बुद्धी त्यांच्यापाशी नव्हती.

साहेबांनी बोटं पाहिली, तलाव पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते वहिनींच्या कानाशी येऊन कुजबुजले, “कुठे बोलू नका. कॅन्टीन तुमचं.”

यजमानांनी हात पुढे केला. वहिनींनी तो मागे ओढला.

“तोंड बंद ठेवायच्या बोलीवर मिळालेलं कॅन्टीन मला नको, साहेब. माझ्या हाताला चव आहे. आधी दूध पिऊन बघा, मग काय ते बोला.” हातचं कॅन्टीन घालवतोय हे त्यांना कळत होतं.

साहेबांनी घोट घेतला. मग ग्लास रिकामा केला. मग दुसरा मागितला.

“फक्कड! कॅन्टीन तुम्हालाच, आणि उघड सांगून.”

वहिनींचे डोळे भरून आले. साहेब मात्र हातातल्या दुसऱ्या ग्लासकडे निरखून बघत होते. मग त्यांनी तलावाकडे पाहिलं आणि जरा घुटमळत म्हणाले,

“एक सुचवू का, वहिनी? नुसतं पांढरं फार फिकं दिसतं हो. याला त्या पाण्यासारखा रंग नाही का देता येणार?”