हात कोणाचा, ते सापडले नाही

भामरे नाना समोरच्याचा हात हातात घेत, पण तो मिळवण्यासाठी नव्हे, उलटा करून बघण्यासाठी. समोर कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. लग्नात नवरदेवाचा बाप असो, दवाखान्यात डॉक्टर असो, नाहीतर दारात मत मागायला आलेला उमेदवार असो, ते त्याचा तळहात उजेडाकडे वळवत, अंगठ्याने दोन-तीन ठिकाणी दाबत आणि "हं" म्हणत. त्या "हं" नंतर माणूस उगाचच खुलासे देऊ लागे.

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही लोखंडी कपाटं बनवत होतो. नाना तिथे रंगाचे तपासनीस. मूळचे सटाण्याकडचे. एरवी साधं मराठी बोलत, संशय आला की अहिराणीत शिरत. रंगवलेल्या पत्र्यावर फोड येऊ द्यायचा नाही ही त्यांची नोकरी होती. आणि जगात कुठेही फोड दिसला की त्यामागे कोण आहे ते हुडकून काढायचं, हा स्वभाव होता.

अशा माणसाला एकदा फोड आणणारा सापडला नाही, अशी कारखान्याच्या वहीत नोंद आहे. त्या एका नोंदीने त्यांची सगळी नोकरी हास्यास्पद ठरली. ती नोंद खोटी आहे. मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला जायचं नाही.

पण आधी नाना कसे होते ते सांगतो.

शब्दांच्या बाबतीत ते फार कडक. कोणी "साहेब, रंग फुगलाय" म्हटलं की त्याला उभं करून शिकवत. "खाली पाणी असेल तर फोड. हवा असेल तर फुगा. खाली होतं ते पळून गेलं आणि नुसती साल राहिली, तर पोपडा. पुटकुळी हा डॉक्टरचा प्रांत, त्यात आपण पडायचं नाही." एकदा हेल्पर गांगुर्डे "तोंड आलंय" म्हणून डबा न खाता बसला होता. नाना त्याच्यासमोर बसले. "आलं नाही. आणलंस. कोणी आणलं ते बघू." आणि त्याच्याकडून तीन दिवसांच्या भाज्या वदवून घेतल्या. शेवटी आरोप गांगुर्डेच्या मेहुणीच्या ठेच्यावर निश्चित झाला.

नवा माणूस कामावर आला की नाना त्याला तेल काढून धुतलेला एक पत्रा देत. "ठेव हात." हातमोजे न घालता. मग त्या पत्र्याला रंग मारून, भट्टीतून काढून, वाफेच्या पेटीत ठेवत. आठवड्याने पत्रा बाहेर येई तेव्हा गुळगुळीत राखाडी रंगावर पाच बोटं आणि तळव्याची कड बारीक फोडांनी उठून आलेली असे. घामातलं मीठ रंगाखाली राहतं आणि पाणी ओढून घेतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण नाना तो पत्रा समोर धरून हळू आवाजात म्हणत, "हाऊ तुना हात शे. हा तुझा हात. आता तू कुठे हात लावलास ते मला कळणार." नवा माणूस त्या रात्री नीट जेवत नसे.

हे पत्रे नावं घालून त्यांच्या खोलीत भिंतीवर टांगलेले होते. चाळीसेक हात. मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "हे तुमचं भविष्य बघतात का?" आमच्या युनियनचा पुढारी म्हणाला, "नाही साहेब. बिघडवतात."

कारखान्याबाहेरही तेच. पंगतीत टम्म फुगलेली पुरी आली की सगळ्यांना आनंद व्हायचा, नाना आधी तिला बोटाने भोक पाडून आत डोकावायचे. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी उजेडात धरून प्रत्येक फुगा दाबायचे. एखादा जरा चेपलेला दिसला की पट्टी परत. "कोणीतरी आधी हाताळलीय."

"नाना, पट्टी हातानेच देणार ना मी?"

"तेच तर म्हणतो."

नानांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा तर कहर झाला. मुलगा बूट काढून बैठकीत बसला, आणि नानांची नजर त्याच्या टाचांवर गेली. दोन्ही टाचांना ताजे फोड. "बूट उसने आहेत," नाना भर बैठकीत म्हणाले. मुलाच्या मामाने चहाची बशी खाली ठेवली. मुलगा लालबुंद. "हो. चुलतभावाचे आहेत," तो म्हणाला. आता उठणार सगळे, असं वाटलं. नानांनी विचारलं, "बस कुठे सोडली?" मुलगा म्हणाला, त्र्यंबक नाक्यावर. रिक्षात मामा-मामी आणि आई बसली, म्हणून तो सातपूरपर्यंत चालत आला. नाना आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले आणि त्याच्यासमोर ठेवली. लग्न त्याच बैठकीत ठरलं.

आता माझी गोष्ट.

मी तेव्हा टेम्पररी होतो. आठ दिवसांनी मला कायम करणार होते; मध्ये एक खाडा पडला असता तरी सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले असते. कोकणातल्या एका दवाखान्यासाठी साठ कपाटं करायची होती. एका संध्याकाळी भट्टीतून निघालेल्या ढकलगाडीची तापलेली दांडी मी चुकून धरली. उजव्या तळव्याला आणि तीन बोटांना फोड आले.

नानांचा नियम असा होता की हाताला जखम असेल त्याने धुतलेल्या पत्र्याजवळ जायचं नाही, सरळ घरी जायचं. रोज सकाळी ते फाटकापाशी उभे राहून हात बघत. दुसऱ्या दिवशी मी डावा हात पुढे केला. उजवी मूठ पँटच्या खिशात. नानांनी खिशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "हं" म्हणाले आणि मागच्या माणसाचा हात धरला.

दुपारी फोड फुटला आणि मोजा त्याला चिकटू लागला. मी मोजा काढून टाकला आणि तशाच हाताने धुतलेली अकरा दारं उचलून रंगासाठी टांगली.

चार महिन्यांनी ती दारं कोकणातून परत आली. कोकणातल्या दमट हवेने नानांच्या वाफेच्या पेटीचं काम चोख केलं होतं. प्रत्येक दारावर, खालच्या कडेला, हात. सगळं पेंट शॉप भोवती जमलं. "आता नाना धरतील," गांगुर्डे म्हणाला. "हाऊ कोना हात शे?" असं नाना स्वतःशीच पुटपुटले, एक दार उचलून खोलीत घेऊन गेले आणि भिंतीवरच्या एकेका हाताशी ताडून बघू लागले. मी दारात उभा होतो. माझ्या पत्र्यापाशी ते थांबले असं मला वाटलं. मग पुढे गेले.

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: हात कोणाचा, ते सापडले नाही.

साहेबांनी स्वतः पत्रे ताडून बघितले, पण ते वाचायला नानांचेच डोळे लागत. बाकीच्यांना सगळे हात सारखेच दिसत. "मग हे तोरण कशाला लावलंय?" साहेब म्हणाले. पत्रे भंगारात गेले आणि नाना पॅकिंगला. निवृत्त होईपर्यंत ते कपाटांच्या पायांना पेंढा बांधत होते. मी तोवर कायम झालो होतो.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण आठवड्याभरातच कँटीनमध्ये कोणीतरी ओरडलं, "अरे, चहात साखर कोणी टाकली नाही?" आणि मी त्या वहीतल्या सुरात म्हणालो, "सापडले नाही!" सगळे फुटले. त्या दिवसापासून ती कारखान्याची म्हणच झाली. पाना हरवला, सापडले नाही. बोनस कुठे, सापडले नाही. मी हसवत होतो, कारण सगळे हसत होते तोवर विचारणारं कोणी नव्हतं.

पुढची सगळी वर्षं माझी एका संशयात गेली. यांना माहीत आहे की नाही? भाजीबाजारात भेटले की माझा हात उलटा करायचे. "हं." दिवाळीला भेटले. "हं." माझ्या निरोप समारंभात हार घातला, आणि फोटो काढणारा थांबलेला असताना तळहात उलटा केला. "हं." मी एकदा मुद्दाम हातमोजे घालून गेलो होतो, उन्हाळ्यात.

कारखाना कधीच बंद पडला. मागच्या महिन्यात आम्ही जुने लोक जेवायला जमलो होतो. कोणीतरी ती गोष्ट सांगितली, "सापडले नाही" आलं, नातवंडंसुद्धा हसली. तेव्हाच गांगुर्डे म्हणाला, "नानी गेल्या, माहितीये का? सहा महिने झाले. म्हातारा एकटाच असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातपूर कॉलनीत गेलो. दार साखळीएवढं उघडलं.

"कोण?"

"सोनवणे. पेंट शॉपचा."

"कशावरून?"

मी फटीतून हात आत घातला. आतून तो उलटा झाला, अंगठ्याने दाबला गेला. "हं. ये."

खोली झाडलेली होती. नाना वाळले होते. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच सुरुवात केली, जसं काही मी तब्येत विचारली होती. "साखर आहे. तळपायाला काही कळत नाही. परवा तापलेल्या गच्चीवर उभा होतो, शेजारणीने ओरडून सांगितलं तेव्हा समजलं. डॉक्टर म्हणतो, रोज तळवे बघायचे, फोड आला तर तुम्हाला पत्ता लागणार नाही. तुझी नानी बघायची."

"आणि आता?"

"आरसा आहे. उलटं दाखवतो. माझा त्याच्यावर भरवसा नाही. पोरगी सुरतेहून फोनवर पाय दाखवा म्हणते. फोनवर कोणी काहीही दाखवेल."

मी एकदम बोलून टाकलं. "नाना, त्या दारांवरचा हात माझा होता."

"माले ठाऊक शे."

"कधीपासून?"

"फाटकापासून. खिशात मूठ घेऊन कोणी कामावर येतं का?"

"मग अडवलं का नाही?"

"आठ दिवस राहिले होते ना तुझे."

"नंतर तरी लिहायचं."

"काय लिहू? हात सोनवणेचा, आणि सोडणारा भामरे? एक नाव लिहिलं की दुसरं लिहावं लागतं. तेवढी हिंमत नव्हती."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांचं नाव लागलं असतं तर फार तर एक ताकीद मिळाली असती. माझी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "ते कँटीनमधलं... ते मीच सुरू केलं, नाना."

"आवाज तुझाच होता. मी जाळीमागे चहाच्या रांगेत होतो."

ती वही आता कुठे असेल देव जाणे. तिच्यात लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो: तो हात माझा होता, नानांना तो सापडला होता, आणि त्यांनी तो लपवला.

त्या दिवशी मात्र मला नुसतं बसवेना. मी खाली बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"चष्मा लाव."

लावला. तळवा कोरडा होता, पण स्वच्छ. "काही नाही, नाना."

"बोटांच्या मधे बघ. तू घाई करतोस."

"काही नाही."

"टाच?"

"टाचही चांगली आहे."

दुसरा पाय झाला. तोही स्वच्छ. मी पाय हळूच खाली ठेवायला गेलो.

"थांब. तिथे दुखतंय."

"कुठे?"

"तिथेच. तुझा अंगठा आहे तिथे. आज दिसायचं नाही. उद्या वर येईल. उद्या बघावं लागेल."

मी वर बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.

"सकाळी," नाना म्हणाले. "लवकर."